कोल्ड ब्रूची कृती छापताना

महोदय,

उन्हाळा सुरू झाला की पन्हे, कोकम सरबत आणि मठ्ठा यांच्या जोडीला आता वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत कोल्ड ब्रू कॉफीची कृतीही नेमाने छापून येऊ लागली आहे. आपल्या पुरवणीतील कृतीही मी वाचली. या पेयाला माझा विरोध नाही. मी ते स्वतः घरी करते आणि आवडीने पिते. मात्र ‘एक कप कॉफी पावडर, चार कप पाणी, खोलीच्या तापमानाला चोवीस तास ठेवा, गाळा आणि प्या’ एवढ्यावर ती कृती संपते, आणि तिच्यातील जवळजवळ प्रत्येक शब्दामागे थंड हवेच्या देशातले स्वयंपाकघर आहे. ते शब्द जसेच्या तसे मराठीत उतरवले की अकोल्याच्या किंवा जळगावच्या घरात त्यांचा अर्थ बदलतो, आणि काही बाबतींत तो धोक्याचा ठरू शकतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम हे पेय म्हणजे काय ते स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे उपाहारगृहात दूध, साखर, बर्फ आणि झटपट विरघळणारी कॉफी मिक्सरमध्ये घुसळून जी ‘कोल्ड कॉफी’ मिळते तिच्याशी याचा संबंध नाही. गरम कॉफी करून ती बर्फावर ओतली तर तीही कोल्ड ब्रू होत नाही. कोल्ड ब्रूमध्ये भाजून भरड दळलेली कॉफी थंड पाण्यात कित्येक तास भिजत ठेवतात आणि मग गाळतात. उष्णतेने जे काही मिनिटांत होते ते इथे वेळेवर सोपवलेले असते. गरम पाण्यात झपाट्याने सुटणारे काही आंबट आणि कडवट घटक, तसेच उडून जाणारे सुगंधी घटक थंड पाण्यात कमी उतरतात. त्यामुळे चव मऊ, किंचित गोडसर आणि काहीशी सपाट लागते. ज्यांना फिल्टर कॉफीचा दरवळ प्रिय आहे त्यांना ती फिकी वाटेल, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. अमेरिकेत या पद्धतीचे घरगुती उपकरण १९६४ मध्ये टॉड सिम्प्सन यांनी तयार केले, आणि जपानमध्ये थेंबथेंब पाण्याने थंड कॉफी काढण्याची पद्धत त्याच्याही आधीपासून आहे. पेय नवीन नाही. आपल्या स्वयंपाकघरांत ते नव्याने आले आहे, इतकेच.

माझा मुख्य आक्षेप पाण्याविषयी आहे. आपण चहा करतो तेव्हा पाणी उकळते. फिल्टर कॉफीलाही उकळते पाणी लागते आणि वर उकळते दूध पडते. म्हणजे नळाचे पाणी कसेही आले असले तरी कपात येईपर्यंत ते आपोआप निर्जंतुक होते, आणि त्यामुळे चहा-कॉफीसाठी वेगळे शुद्ध पाणी घेण्याची सवय बहुसंख्य घरांना नाही. गृहिणी पिण्याचे पाणी माठात भरते आणि चहाचे आधण मात्र सरळ नळाखाली धरते. कोल्ड ब्रूच्या संपूर्ण प्रक्रियेत पाणी एकदाही उकळत नाही. जे पाणी बरणीत पडेल तेच, कॉफीचा रंग घेऊन, पेल्यात येईल. आणि त्या गडद रंगामुळे त्याचा गढूळपणाही दिसणार नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर नळाला कसे पाणी येते हे लहान शहरांतील वाचकांना सांगण्याची गरज नाही. असे असताना ‘चार कप पाणी’ एवढेच छापणे अपुरे आहे. ‘उकळून पूर्ण गार केलेले पाणी’ असेच लिहायला हवे. याने क्लोरीनचा वासही बराचसा निघून जातो, जो थंड पेयात गरम पेयापेक्षा अधिक जाणवतो. गाळण यंत्राचे पाणी असेल तर तेही चालेल, पण ज्या घरात यंत्राची देखभाल वेळेवर होत नाही तिथे उकळणे हाच खात्रीचा मार्ग आहे. हाच नियम बर्फालाही लागू होतो. पाणी उकळून कॉफी केली आणि पेल्यात रस्त्यावरच्या लादीचा बर्फ टाकला तर आधीचे सारे कष्ट वाया गेले. बोअरवेलचे जड पाणी घेतल्यास अपाय होईलच असे नाही, परंतु त्यातील क्षार कॉफीतली आंबट बाजू मारतात आणि पेय मातकट लागते.

आता ‘खोलीचे तापमान’. ज्या देशांतून ही कृती आली तिथे खोलीचे तापमान म्हणजे २० ते २२ अंश सेल्सिअस. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर ४३-४४ अंश असतात आणि कूलर बंद केलेल्या स्वयंपाकघरात रात्रीही ३५ अंश सहज असतात. एवढ्या उबेत चोवीस तास पाणी उघड्यावर किंवा झाकून ठेवणे म्हणजे विरजणाला द्यावी तशी ऊब जंतूंना देणे होय. कॉफीत जंतूंना पोषण फारसे मिळत नाही हे खरे, आणि भाजलेल्या बिया स्वतः बऱ्याच स्वच्छ असतात हेही खरे. पण भांडे, चमचा, फडके आणि हात यांचा भरवसा कोणी द्यायचा? शिवाय इतक्या उष्णतेत कॉफी गरजेपेक्षा अधिक उतरते आणि लाकडासारखी तुरट चव येते. म्हणून विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात तरी ही कॉफी फ्रिजमध्येच भिजवावी. तिथे ती सावकाश उतरते, म्हणून १६ ते १८ तास द्यावेत. संध्याकाळी सहाला ठेवली तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी तयार. चोवीस तासांचा आग्रह अनावश्यक आहे. फिलाडेल्फियातील निनी राव आणि मेगन फुलर या रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सामान्य तापमानाच्या पाण्यात कॅफिन सुमारे सहा-सात तासांतच स्थिरावत असल्याचे दिसले होते. त्यापुढे वेळ वाढवून उत्तेजकता वाढते हा समज खरा नाही.

कॉफीच्या पुडीविषयीही आपल्या कृतीत एक अवाक्षर नाही, आणि सर्वाधिक निराशा इथेच होते. मराठी घरांत ‘कॉफी पावडर’ म्हटले की बहुधा झटपट कॉफीची बाटली पुढे येते. ती कॉफी कारखान्यात आधीच काढून वाळवलेली असते. ती पाण्यात टाकताच विरघळते, तिला रात्रभर भिजवण्यात काहीच अर्थ नाही. दुसरा प्रकार दाक्षिणात्य फिल्टरच्या पुडीचा. ती बारीक दळलेली असते, त्यामुळे फडक्यातून गाळ उतरतो, आणि तिच्यात बहुतेक वेळा चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजून दळलेले मूळ. आपल्या देशात ती गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते. तिच्यात कॅफिन नसते, पण ती पाण्यात चटकन उतरते आणि दाट काळा रंग देते, त्यामुळे पेय कडक झाले असे वाटते आणि प्रत्यक्षात त्यात कॉफी कमी असते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असली पाहिजे आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापले पाहिजे. ते प्रमाण बारीक अक्षरांत का होईना छापलेले असते. पाकीट उलटून पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते. चिकोरी निषिद्ध आहे असे माझे म्हणणे नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात चिकोरी घातलेली कॉफी थंड पाण्यात भिजवून दुधाबरोबर पिण्याची जुनी रीतच आहे. पण तिथे पिणाऱ्याला आपण काय पितो हे ठाऊक असते.

म्हणून कृतीत ‘चिकोरीविरहित, जाडसर दळलेली कॉफी’ असे स्पष्ट शब्द हवेत. मुंबईत माटुंग्याच्या कॉफीच्या जुन्या दुकानांत चिकोरी किती टाकायची हे विचारूनच कॉफी दळून देतात. तिथे ‘चिकोरी नको, जाडसर दळा’ एवढे सांगितले की काम होते. ज्या गावात अशी सोय नाही तिथे अख्ख्या भाजलेल्या बिया मागवून मिक्सरच्या लहान भांड्यात थांबत थांबत, झटके देत फिरवाव्यात. सलग फिरवल्यास काही भाग पीठ होतो, काही भाग तसाच राहतो आणि भांडे तापून वासही जातो. पूड जाड रव्याहून थोडी अधिक भरड असावी. मिक्सरच्या ज्या भांड्यात गरम मसाला वाटला जातो ते भांडे मात्र वापरू नये. लवंगेचा वास कितीही धुतला तरी मागे राहतो आणि थंड कॉफीत तो लपत नाही.

बिया कोणत्या घ्याव्यात हा आवडीचा प्रश्न आहे, तरी एक माहिती उपयोगी पडेल. भारतातील कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कर्नाटकात होते, आणि एकूण उत्पादनात रोबस्टा जातीचा वाटा अरेबिकापेक्षा बराच मोठा आहे. रोबस्टा कडक आणि कडवट, अरेबिका सौम्य आणि सुवासिक. दूध न घालता पिणार असाल तर मध्यम भाजलेली अरेबिका घ्यावी. कोडगू, चिक्कमगळूरू, बाबाबुदनगिरी आणि आंध्रातील अराकू खोरे येथील अरेबिका, तसेच वायनाडची रोबस्टा यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे पाकिटावर ही नावे आता अधिक दिसतात. आपल्या राज्यात कॉफी पिकते ती अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला. तिथले पीक लहान आहे, परंतु मेळघाटात फिरायला जाणाऱ्या कुटुंबांनी ती अवश्य चाखून पाहावी. विदर्भातल्या माणसाला आपल्या डोंगरावरची कॉफी माहीत नसावी हे मला बरे वाटत नाही.

प्रमाणाबाबत ‘कप’ हा शब्द वर्ज्य करावा अशी माझी विनंती आहे. अमेरिकी मापाचा कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो, आपल्या घरातला चहाचा कप त्याच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय भरड पूड कपात पोकळ बसते आणि बारीक पूड दाबून बसते, त्यामुळे एकाच कपात दोघींचे वजन वेगळे भरते. घरात वजनकाटा असेल तर १०० ग्रॅम कॉफीला ८०० मिलिलिटर पाणी घ्यावे. काचेची किंवा स्टीलची बरणी उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. लोणच्याची बरणी कितीही स्वच्छ असली तरी नको. पूड घालून थोडे पाणी ओतावे, कोरडी गुठळी राहणार नाही असे ढवळावे, मग उरलेले पाणी घालून झाकण लावावे. भिजलेली पूड आपल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे हाती ६०० मिलिलिटरच्या आसपास अर्क येतो. नवख्या माणसाला यात काहीतरी चुकले असे वाटते आणि तो फडके पिळतो. फडके पिळू नये. पिळल्याने गाळ आणि कडवटपणा दोन्ही उतरतात. आधी बारीक गाळणीने आणि नंतर दुपदरी मलमलीतून संथपणे गाळावे. श्रीखंडाचा चक्का टांगायचे फडके अनेक घरांत असतेच, पण त्याला दह्याचा वास असतो. कॉफीसाठी वेगळे फडके ठेवावे आणि ते साबणाने न धुता गरम पाण्यात उकळून वाळवावे. उरलेला चोथा मोरीत ओतू नये, नळी तुंबते. तो कुंड्यांच्या खतात जिरवता येतो.

हा अर्क जसाच्या तसा प्यायचा नसतो, त्यात तेवढेच पाणी किंवा दूध मिसळायचे असते, ही गोष्टही आपल्या कृतीतून सुटली आहे आणि ती किरकोळ नाही. कोल्ड ब्रू थंड आणि सौम्य लागते म्हणून तिच्यात कॅफिन कमी असते, असा समज सर्वत्र आढळतो. कॅफिन २५ अंशांच्या पाण्यातही लिटरला सुमारे २० ग्रॅमपर्यंत विरघळते. आपल्या बरणीत ते त्याच्या तुलनेत अगदी थोडे असते, तेव्हा थंड पाणी त्याला अडवत नाही. अरेबिकात वजनाच्या साधारण १.२ टक्के कॅफिन धरले तर १०० ग्रॅम पुडीत १२०० मिलिग्रॅम झाले. सगळे उतरत नाही आणि काही चोथ्यात राहते हे धरूनही १०० मिलिलिटर अर्कात शंभराहून अधिक मिलिग्रॅम येऊ शकते. रोबस्टात हा आकडा जवळपास दुप्पट होतो. आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचना पाहा: दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेऊ नये, आणि जेवणाच्या आधी व नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी, कारण त्यातील टॅनिनमुळे अन्नातले लोह शरीरात कमी शोषले जाते. न मिसळलेल्या अर्काचे दोन मोठे पेले उन्हातून आलेल्या तरुणाने सरबतासारखे घटाघटा प्यायले तर त्याने दिवसाची मर्यादा एका बैठकीत ओलांडलेली असते. परीक्षेच्या दिवसांत रात्री जागणाऱ्या मुलांच्या हाती ही बाटली पडू नये याकडे पालकांनी लक्ष द्यावे. शरीरातले निम्मे कॅफिन उतरायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा रात्री दहाला प्यायलेला पेला पहाटे तीनलाही रक्तात अर्धा असतो. गर्भवती स्त्रियांमध्ये तो कालावधी आणखी लांबतो. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे पेय घेऊ नये.

आपल्या लेखात ‘ॲसिडिटीचा त्रास असणाऱ्यांना उत्तम’ असेही एक वाक्य आहे. त्याला आधार तोकडा आहे. वर उल्लेखिलेल्या दोघी संशोधिकांनीच २०१८ मध्ये थंड आणि गरम पद्धतीने काढलेल्या कॉफीची तुलना केली, तेव्हा दोन्हींचा सामू (पीएच; तो जितका कमी तितका पदार्थ अधिक आंबट) जवळपास सारखाच, ४.८५ ते ५.१३ या दरम्यान भरला. गरम कॉफीत एकूण आम्लांचे प्रमाण अधिक होते, एवढा फरक आढळला. काहींना कोल्ड ब्रू पोटाला हलकी वाटते हा त्यांचा अनुभव असेल, पण पित्ताच्या रुग्णाला वृत्तपत्राने असे आश्वासन देऊ नये.

याच सामूच्या आकड्याला आणखी एक अर्थ आहे. लोणची, सरबते आंबट असतात म्हणून टिकतात, ४.६ पेक्षा अधिक सामूच्या पदार्थाला ते संरक्षण नसते. हवाबंद बाटलीत, फ्रिजबाहेर ठेवलेल्या अशा पदार्थात बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जंतू वाढण्याची शक्यता असते, आणि नेमक्या याच भीतीने २०१७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने कोल्ड ब्रूचे डबे बाजारातून परत मागवले होते. घरी केलेला अर्क बाटलीत भरून कपाटात ठेवणे किंवा नातेवाइकांना एसटीने पार्सल पाठवणे टाळावे. फ्रिजमध्ये तो चार-पाच दिवसांत संपवावा. दूध बाटलीत कधीच मिसळू नये, पिताना पेल्यातच घालावे. भारनियमनाने फ्रिज बराच वेळ बंद राहिला असेल तर अर्काचा मोह न धरता तो ओतून द्यावा, मग कॉफी कितीही महाग आणलेली असो.

गोडीचा प्रश्न सोपा आहे, तरी तोही कृतीत नाही. थंड पेयात साखर तळाशी बसते. समप्रमाणात साखर आणि पाणी घेऊन, साखर विरघळेपर्यंत तापवून केलेला पातळ पाक वापरावा. एकतारी नको, तो गार झाल्यावर घट्ट होतो. मराठी घरात कॉफीला जायफळ लागतेच, आणि इथे पुष्कळ जण भिजवतानाच बरणीत जायफळ किसून टाकतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण जायफळाचा वास त्याच्या तेलात असतो आणि ते तेल थंड पाण्यात उतरत नाही. किसलेले जायफळ गरम पाकात घालून झाकून ठेवावे आणि गार झाल्यावर पाक गाळून घ्यावा. दुधाच्या कोल्ड ब्रूमध्ये हा पाक चमचाभर घातला की आजी-आजोबाही दुसऱ्यांदा मागतात, असा माझ्या घरचा अनुभव आहे. वेलचीचेही असेच, परंतु दोन्ही एकत्र घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या पुरवणीचा वाचक गावोगावी आहे आणि छापून आलेली कृती कापून स्वयंपाकघरात चिकटवणारी घरे अजूनही आहेत. तेव्हा पुढच्या अंकात या कृतीची दुरुस्ती छापावी, तिच्यात पाणी उकळून गार करण्याची, फ्रिजमध्येच भिजवण्याची आणि अर्कात तेवढेच पाणी मिसळण्याची सूचना ठळक अक्षरांत द्यावी, प्रमाण ग्रॅम व मिलिलिटरमध्ये द्यावे आणि ॲसिडिटीविषयीचे वाक्य वगळावे, ही विनंती. जागा अपुरी असेल तर सोबतचे मोठे छायाचित्र थोडे लहान करता येईल.

आपली,
गृहविज्ञानाची एक निवृत्त शिक्षिका,
अकोला